शिकवणारा व्हिडिओ असला तरी वेळ मोजायचाच

आमच्या परभणीतल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘शैक्षणिक व्हिडिओ स्क्रीन टाइममध्ये धरत नाहीत. दीड वर्षाच्या लेकरालाही खुशाल दाखवा, जागतिक आरोग्य संघटनेची परवानगी आहे.’ हे चूक आहे.

संघटनेच्या २०१९ च्या सूचना उलट सांगतात. दोन वर्षांच्या आत बसून स्क्रीन पाहणं नकोच. २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त १ तास, त्याहून कमी तर आणखी बरं. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांखाली नाहीच म्हणते. नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल.

व्हिडिओ चांगला असूनही अडतं कुठं, ते शेजारी पाहिलं. अडीच वर्षांची पोर मोबाइलसोबत ‘पर्पल, पर्पल’ घोकत होती. आजीनं भाजीतलं वांगं तिच्या हातात दिलं, ‘हा कोणता रंग गं?’ पोर गप्प. मग आजीनं व्हिडिओ थांबवला, वांगं पडद्याजवळ धरलं, ‘जांभळा’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी पोरीनं आजीच्या लुगड्यावर बोट ठेवलं, ‘जांभळा!’ एवढ्या लहान वयात पडद्यावरचं खऱ्या वस्तूशी जोडून द्यायला जवळ माणूस लागतं, आणि आजीपेक्षा चांगलं कोण?

शाळेतल्या मुलांसाठी बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर स्कॅन करा, त्या धड्याचं साहित्य मिळतं. एक भाग बघून फोन ठेवा आणि ‘काय कळलं, मला सांग’ म्हणा.

ज्यांनी तो मेसेज पुढं पाठवलाय, त्यांनी कृपया हा खुलासाही त्याच ग्रुपवर टाकावा.