मॅथ्यू हेमनची कारकीर्द: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ऑस्ट्रेलियन सायकलपटू हेमनवरच्या लेखावर तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 2000 पासून 2019 च्या जानेवारीपर्यंत व्यावसायिक रायडर राहूनही त्याने मोजक्याच शर्यती जिंकल्या, त्यातली मोठी म्हणजे 2016 ची पॅरिस-रूबे (फ्रान्समधली, खडबडीत दगडी रस्त्यांवरून जाणारी एकदिवसीय शर्यत), आणि तीही नशिबाने. मग ही कारकीर्द यशस्वी कशी? अंगात दम असता तर संघाने त्यालाच मुख्य रायडर केलं नसतं का?

नशिबाचं आधी बोलतो, कारण ते मला सगळ्यात जास्त लागलं. त्या वर्षी फेब्रुवारीअखेरीस बेल्जियममधल्या ओम्लूप शर्यतीत पडून हेमनच्या हाताचं हाड मोडलं. रूबेला जेमतेम सहा आठवडे उरले होते. रस्त्यावर जाणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने घरातच ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर, सराव केला. शर्यतीत तो सुरुवातीच्या आघाडीत, म्हणजे मुख्य घोळक्यातून पुढे निसटलेल्या गटात, गेला. अशी आघाडी शेवटपर्यंत टिकेल असं सहसा कुणी धरतच नाही. मागे झालेल्या अपघातामुळे कॅन्सेलारा आणि सागान हे संभाव्य विजेते अडकले, हे मान्य. पण बेल्जियमच्या टॉम बूननचा गट मागून येऊन मिळाल्यावर आघाडीतले बाकीचे एकेक करून गळाले आणि हेमन मात्र टिकला. बूननच्या नावावर तेव्हा चार रूबे होत्या, पाचवी जिंकता तर विक्रम एकट्याचा झाला असता. शर्यत जिथे संपते त्या वेलोड्रोममध्ये (सायकलिंगच्या ट्रॅकवर) हेमनने शेवटचा स्प्रिंट लवकर सुरू केला आणि बूननला त्याच्या पुढे जाता आलं नाही. वय 37, पंधरावी रूबे. कुठल्या दगडी रस्त्याआधी पुढे सरकायचं, कुठल्या कडेने जायचं, हे त्याला इतक्या वर्षांत अंगवळणी पडलं होतं. याला नशीब म्हणायला माझी तयारी नाही.

आता उरलेली वर्षं, जी त्याने बहुतेक संघातल्या मुख्य रायडरचा मदतनीस म्हणून घालवली. रायडरची सगळ्यात जास्त ताकद हवा कापण्यात जाते. कुणाच्या तरी मागे चिकटून चालवली की साधारण पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते, आणि ती वाचते कारण पुढचा माणूस ती खर्च करत असतो. हेमन बहुतेक वेळा तो पुढचा माणूस होता. पाण्याचंच बघा. मदतनीस रायडर घोळक्यातून मागे येतो, संघाच्या गाडीला समांतर चालवत खिडकीतून बाटल्या घेतो, जर्सीच्या खिशात, पाठीवर, गळ्यातून आत कोंबतो आणि ते ओझं घेऊन गाड्यांच्या रांगेतून पुन्हा पुढे जातो, संघातल्या प्रत्येकाला बाटली देतो. मग परत वाऱ्यात. शेवटचे वीस किलोमीटर आले की त्याचं काम संपलेलं असतं आणि आपण टीव्ही लावतो तेव्हा तो कुठेतरी मागे रेंगाळताना दिसतो.

निकालपत्रकात यातलं काही येत नाही, पण संघांना ते दिसतं. या धंद्यात बहुतेक करार एक-दोन वर्षांचे असतात. तरी हेमनला राबोबँक संघाने दहा वर्षं ठेवलं, मग स्काय संघाने, मग ऑस्ट्रेलियाच्या ओरिका संघाने. उपयोग नसलेल्या माणसाला कुणी इतकी वर्षं पोसत नाही. टूर द फ्रान्सच्या विजेत्याला 5 लाख युरो मिळतात आणि तो ते संघात वाटून टाकतो, हा जुना रिवाज आहे. विजय कुणामुळे आला, हे जिंकणाऱ्याला पुरतं ठाऊक असतं.

राहिला दम असण्याचा प्रश्न. सेप कुस हा असाच एक मदतनीस रायडर. त्याने 2023 मध्ये आधी जिरोत (इटलीची तीन आठवड्यांची शर्यत) रोग्लिच या सहकाऱ्याला आणि मग टूर द फ्रान्समध्ये विंगेगार्ड या दुसऱ्या सहकाऱ्याला जिंकून द्यायला जीव ओतला. त्याच वर्षीच्या व्हुएल्टात (स्पेनची तशीच शर्यत) पहिल्या क्रमांकाची लाल जर्सी त्याच्या अंगावर असताना अँग्लिरूच्या चढावर हेच दोन सहकारी त्याला मागे टाकून गेले. जर्सी वाचली ती 8 सेकंदांनी. पुढे संघाने त्याच्या पाठीशी उभं राहायचं ठरवलं आणि माद्रिदला तो विजेता म्हणून पोचला, विंगेगार्ड दुसरा, रोग्लिच तिसरा. दम त्याच्यात आधीही होता, फक्त तो दुसऱ्यांच्या कामी येत होता. त्या ऑगस्टपर्यंतचा कुस तुमच्या हिशेबात कुठे बसतो, हे मला खरंच वाचायला आवडेल.