आधी स्टेटमेंट, मग घर

पुण्यात रिसेलचा फ्लॅट घ्यायला निघालेल्या प्रत्येक सज्जनाला पहिल्या दोन-चार फोनांतच एजंट विचारतो, ‘साहेब, फंडिंग रेडी आहे ना? पार्टीला काहीतरी दाखवावं लागेल.’ या ‘काहीतरी’चा संकुचित अर्थ लावून बँकेचे एखादे पत्र तेवढे पुढे करणारे कद्रू लोक समाजात आहेत, आपण त्यांच्यातले होऊ नये. आपण गेल्या वर्षभराचे संपूर्ण बँक स्टेटमेंट, मुदतठेवींच्या पावत्या, म्युच्युअल फंडांचा हिशेब, फॉर्म १६, पॅन, आधार आणि जमल्यास सासरेबुवांनी व्हॉट्सॲपवर दिलेले मदतीचे आश्वासनसुद्धा त्याच दिवशी पाठवून द्यावे. झाकली मूठ सव्वा लाखाची असे म्हणणाऱ्यांच्या काळी फ्लॅटही सव्वा लाखात मिळत असे. आता मूठ उघडल्याशिवाय विक्रेता चहादेखील विचारत नाही.

कद्रू माणूस काय करतो ते एकदा पाहून ठेवा. कोथरूडमधल्या एका फ्लॅटचा व्यवहार ९० लाखांच्या आसपास ठरेल असे धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांच्या वरच्या आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे बँक फार तर ७२ लाख देईल आणि विक्रेत्याच्या हाती पडायचे उरलेले १८ लाख तुम्हाला पदरचे घालावे लागतील. मुद्रांक शुल्काचे ७ टक्के (घर एकट्या पत्नीच्या नावावर घेतल्यास ६) आणि नोंदणीचे ३० हजार सरकारजमा व्हायचे असल्याने त्यांच्याशी विक्रेत्याला कर्तव्य नसते. म्हणून हा हिशेबी माणूस बँकेकडून नेमक्या याच घरापुरत्या रकमेचे पत्र मागून घेतो, वेगळ्या खात्यात आपला हिस्सा ठेवून तेवढीच शिल्लक दाखवतो आणि बाकीच्या ठेवींबद्दल अवाक्षर काढत नाही. विक्रेत्याला हवा असलेला पुरावा मिळतो खरा, पण केवढ्या आनंदाला तो मुकतो!

तुम्ही मात्र कमाल पात्रतेचे मंजुरीपत्र पाठवा. तुम्ही ८६ लाखांवर अडून ‘याहून एक रुपयाही होणार नाही’ असे तळमळून सांगत असताना समोरच्याच्या मोबाइलवर तुमच्या ५५ लाखांच्या ठेवी उघड्या असाव्यात, यासारखी मोकळीक व्यवहारात दुसरी नाही. त्यानंतर त्याने भाव चार लाखांनी वाढवला तर त्याला लोभी म्हणू नका. तुमच्या पारदर्शकतेला ती त्याने दिलेली दाद आहे.

स्टेटमेंट म्हणजे केवळ शिल्लक असाही गैरसमज नसावा. त्यात दरमहा जाणारे घरभाडे दिसते, आणि अकरा महिन्यांपूर्वी भरलेले डिपॉझिट दिसले की तुमचा भाडेकरार संपत आला आहे हे चाणाक्ष विक्रेत्याला कळते. मग तो घाई न करता पंधरवडाभर फोनच उचलत नाही. मुलाच्या शाळेची फी पाहून त्याला समजते की तुम्हाला याच भागात राहणे भाग आहे. भावाकडून आलेल्या दोन लाखांपुढे ‘परतफेड’ लिहिलेले पाहून तर कुटुंबाचा परिचयही होतो. (विक्रेत्याच्या सौभाग्यवतींनी हे स्टेटमेंट वाचले असल्यास पुढच्या भेटीत तुमच्या ऑनलाइन खाद्यपदार्थांच्या खर्चाविषयी काळजीचा एखादा शब्द ऐकू येईल, तो मनावर घेऊ नये.)

पाठवण्याची रीतही मोकळ्या मनाचीच असावी. पुष्कळ बँकांच्या स्टेटमेंटला नावाची काही अक्षरे आणि जन्मतारीख मिळून पासवर्ड असतो; तो लगेच खालच्याच मेसेजमध्ये द्यावा, म्हणजे खातेक्रमांकाबरोबर जन्मतारीखही जागच्या जागी राहते. शेवटचे चारच आकडे दाखवणारे मास्क केलेले आधार डाउनलोड करण्याची सोय सरकारने केली आहे, परंतु चेहरा झाकून पाहुण्याकडे जाणे आपल्याकडे शिष्टाचाराला धरून नाही. रद्द केलेला धनादेश सहीनिशी जोडावा. एजंट हे सारे दुसऱ्या एजंटाला, तो विक्रेत्याला, विक्रेता मेहुण्याला आणि मेहुणा ‘जरा बघून सांगा’ म्हणून आपल्या ओळखीच्या सीएला पाठवील. एवढ्या लोकांनी आपली दखल घ्यावी असे आयुष्यात कितीदा घडते?

याच्या बदल्यात विक्रेत्याकडे काही मागणे मात्र फार अशिष्ट. फ्लॅटवर त्याचे कर्ज आहे का, मूळ खरेदीखत घरात आहे की बँकेच्या तिजोरीत, सोसायटीची थकबाकी किती, असल्या प्रश्नांनी माणूस दुखावतो. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर त्याच्या पैशांतून १ टक्का टीडीएस (त्याच्या नावे भरायचा प्राप्तिकर) कापून भरण्याची जबाबदारी तुमची आहे, म्हणून त्याचे पॅन लागते. तेही शक्यतो शेवटच्या दिवशी, मान खाली घालून मागावे. मालक कायमचे न्यू जर्सीला राहतात आणि इथे सही करणारे गृहस्थ कुलमुखत्यार आहेत हे समजले, तरी कर आता १ टक्क्याऐवजी बऱ्याच चढ्या दराने कापावा लागेल असे बोलून रंगाचा बेरंग करू नये. कमी कापलेल्या कराची नोटीस आली तर ती तुमच्याच पत्त्यावर येणार आहे. न्यू जर्सीला त्याचा त्रास नाही.

ठेवी पाहिल्यावर विक्रेता हळूच ‘थोडे रोख जमेल ना?’ असे विचारील. १ जून २०१५ पासून घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास बंदी आहे आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, ही माहिती त्याला असतेच. नसते ती पावती.

इतके करूनही कधी कधी व्यवहार फिसकटतो, कारण आणखी मोठ्या शिलकीचे स्टेटमेंट पाठवणारा कोणीतरी भेटलेला असतो. अशा वेळी ‘आमची कागदपत्रे डिलीट करा’ असा क्षुद्र आग्रह धरू नये. ती एजंटाच्या फोनमध्येच राहू द्यावीत, म्हणजे त्याने दाखवलेल्या पुढच्या फ्लॅटची किंमत तुम्ही जिना चढण्याआधीच तुमच्या ऐपतीला बेतलेली असेल आणि घासाघीस करण्यात जाणारा तुमचा रविवार वाचेल.