बॅटरी कोणी धरली होती

परवा मराठी नाटकाच्या मध्यंतरात, चहाच्या रांगेत, आमच्या कॉलनीतल्या एक वहिनी भेटल्या. म्हणाल्या, "आप्पांनी तुमची गाडी घरच्या घरी नीट करून दिली म्हणे! आणि तुम्ही छान बॅटरी धरली होतीत."

यातला 'छान' वहिनींनी पदरचा घातला असावा. दुसऱ्या अंकात काय झालं ते मला विचारू नका. रंगमंचावर कुणीतरी वारलं, सगळं सभागृह डोळे पुसत होतं आणि मी मनातल्या मनात वहिनींना उत्तर देत बसलो होतो.

तर, बॅटरी, म्हणजे टॉर्च, मी धरली नव्हती. बॅटरी आप्पांनी धरली होती. मी कोपरापर्यंत इंजिनात होतो. हे कुठेतरी लेखी असावं म्हणून लिहितोय.

झालं होतं एवढंच. माझ्या चौदा वर्षांच्या गाडीचा वेगाचा काटा आधी थरथरायला लागला आणि एक दिवस इंदूरच्या ए. बी. रोडवर चालत्या गाडीत शून्यावर जाऊन झोपला. किलोमीटरचा आकडा ८७,३४१ वर गोठला. मी ओंकारेश्वरला जाऊन आलो, जाऊन-येऊन दीडशेच्या वर किलोमीटर, पण गाडीच्या लेखी मी आमच्या लोकमान्य नगरातून बाहेर पडलोच नव्हतो. तिथवर माझी तक्रार नव्हती. वय थांबलं तर कुणाला नको असतं? पण मग डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि सिग्नलला ब्रेक दाबला की गाडी जागीच बंद पडू लागली. मागून हॉर्न, आणि "ओ भिया, सो गए क्या?"

गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या मुलाने टॅबमधून मान वर न काढता, बॉनेटला बोटही न लावता सांगितलं, "सर, पूरा मीटर बदलेगा. नौ हज़ार चार सौ, लेबर अलग." मी म्हटलं, अरे बाबा, निदान बिघाड वाचणारा स्कॅनर तरी लाव. तर त्याचे साडेसातशे वेगळे. म्हणजे आजार न बघता ऑपरेशन ठरवायचं फुकट, आणि नाडी बघायचे पैसे! याचा मला अजून राग येतो. पूर्वी मिस्त्री निदान इंजिनाला कान लावायचा, एखादी शिवी हासडायचा, मग फसवायचा. आता शिवीसुद्धा मिळत नाही, थेट एस्टिमेट येतं.

म्हणून आठशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला आणि रविवारी सकाळी बिल्डिंगखाली गाडी उघडली. आणि आप्पा आले.

आप्पा तळमजल्यावर राहतात. वीज मंडळातून निवृत्त होऊन त्यांना सोळा वर्षं झाली. नोकरीभर ते बिलाच्या टेबलावर होते, पण बोलताना नेहमी खांबावर चढलेले असतात. एका हातात प्लास्टिकची खुर्ची, दुसऱ्या हातात पोह्यांची बशी, वर शेव, त्यावर जिरावण मसाला. खुर्ची त्यांनी उघड्या बॉनेटसमोर अशी मांडली, की पडदा वर जायची वाट बघणारा पहिल्या रांगेतला रसिक.

"काय आलं यंत्रात?"

"पी०५००."

"किती?"

"पी शून्य पाचशे."

"पाचशे." त्यांनी एक घास घेतला. "वाजवी आहे."

"आप्पा, ते रुपये नाहीत. तो बिघाडाचा कोड आहे. वेगाच्या सेन्सरचा."

"मग पी कशाचा?"

"इंजिन-गिअरबॉक्सचा. पॉवरट्रेन म्हणतात."

"ट्रेन?" त्यांनी पोह्यांतला शेंगदाणा चमच्याने बाजूला काढला, त्याची चौकशी केल्यासारखं त्याच्याकडे बघितलं आणि खाल्ला. "गाडीत ट्रेन कुठून आली? पी म्हणजे प्राइस. बत्तीस वर्षं बिलं बघितली आहेत मी, बाळ. मला नको शिकवू."

मी शिकवायला गेलो. माझी चूक ती एवढीच. म्हटलं, गिअरबॉक्सवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. त्याच्या टोकाला प्लास्टिकचं दातेरी चाक. गाडी चालली की ते फिरतं आणि सेन्सर ठोके पाठवतो. जपानी मानकाच्या हिशोबाने एका किलोमीटरला ६३७ फेऱ्या, फेरीला चार ठोके, म्हणजे २५४८. ते मोजून मीटर वेग दाखवतो, आणि इंजिनचा कॉम्प्युटरही त्यावरूनच ओळखतो की गाडी धावतेय की उभी आहे. ठोकेच आले नाहीत तर तो गोंधळतो, म्हणून सिग्नलला गाडी बंद पडते.

आप्पांनी डोळे मिटून हिशोब केला. हिशोबात ते पक्के आहेत, हे मान्य करायला हवं.

"ओंकारेश्वर ऐंशी किलोमीटर. म्हणजे दोन लाखांच्या वर झाले. जप आहे रे हा! माणसं सव्वा लाखाचा संकल्प सोडतात आणि गावजेवण घालतात. तुझा सेन्सर एका बाजूने दोन लाख करतो, परतीचे वेगळे. थकणार नाही तर काय होईल?"

एवढं समजूतदार बोलणं सर्व्हिस सेंटरमध्ये कुणी केलं नव्हतं. मी विरघळलो आणि त्यांच्या हातात बॅटरी दिली. दुसरी चूक.

बॅटरी धरणाऱ्या माणसाने काम बघायचं असतं. आप्पांचा उजेड आप्पांच्या विषयाबरोबर फिरतो. वरच्या मजल्याच्या गळतीचा विषय निघाला की उजेड छतावर. सुनेचा निघाला की स्वयंपाकघराच्या खिडकीवर. मला उद्देशून काही सांगायचं झालं की थेट माझ्या डोळ्यांत. एअर फिल्टरचा डबा मी निम्मा चाचपडत काढला. त्यात खाली वर्तमानपत्र पसरण्यावरून दहा मिनिटं गेली. "इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय. तुझ्या ग्रीसच्या डागापायी खाली यायला नको." कचरागाडी गाणं वाजवत गेली तेव्हा त्यांनी ड्रायव्हरला हाक मारून माझ्याकडे बोट दाखवलं. का, ते अजून कळलेलं नाही.

आता तपासणी. पुढचं एक चाक जॅकवर घ्यायचं, खाली स्टँड लावायचा, मागच्या चाकांना अडण लावायची. वीट सापडेना. आप्पा घरात गेले आणि माईंचा वरवंटा घेऊन आले. तो त्यांनी चाकामागे इतक्या भक्तिभावाने ठेवला, की मला हळद-कुंकू शोधावंसं वाटलं. हँडब्रेक ओढला, गाडी न्यूट्रलला टाकली, चावी ऑन केली आणि मल्टिमीटर सेन्सरच्या कनेक्टरच्या मागून तीन वायरींना लावला. सप्लायला बारा व्होल्ट, बरोबर. अर्थ बरोबर. आता चाक हाताने फिरवलं की सिग्नलच्या वायरवर पाच-शून्य, पाच-शून्य असं व्हायला हवं.

"आप्पा, चाक फिरवा. हळू."

आप्पांनी खुर्ची चाकाजवळ घेतली, एक हात टायरवर ठेवला आणि जात्यावर बसल्यासारखे फिरवू लागले. दोन फेऱ्यांनंतर पुटपुटायला लागले. आधी वाटलं फेऱ्या मोजताहेत. नीट ऐकलं तर ओवी होती. त्यांच्या आईची असावी. तेवढी दोन मिनिटं मी मल्टिमीटरकडे बघायचं विसरलो, खोटं कशाला बोलू?

बघितलं तेव्हा आकडा पाचवर ठाण मांडून होता. शून्याला शिवेना. कनेक्टर काढून मल्टिमीटर गाडीकडून येणाऱ्या वायरींच्या बाजूला लावला, तिथेही पाच. म्हणजे वायर शाबूत, ते पाच व्होल्ट खाली ओढणारा सेन्सर मेलेला. नऊ हजार चारशेचा मीटर बिचारा निर्दोष होता.

दहा नंबरचा एक बोल्ट. तेवढा काढला की सेन्सर जरा हलवून वर येतो. बोल्ट काढून मी हात मागे केला. "आप्पा, हा धरा." ही तिसरी.

सेन्सरचा नमुना खिशात टाकून स्कूटरवर छोटी ग्वालटोली गाठली. आप्पा मागे बसले होते, बोलावलं नव्हतं. सुट्या भागांच्या एका दुकानाचं शटर अर्धं वर होतं. मालकाने नमुना उलटसुलट करून बघितला. "ओरिजनल साढ़े चौदह सौ, लोकल साढ़े छह सौ. कौन सा दूँ, भिया?"

मी तोंड उघडायच्या आत आप्पा पुढे सरसावले. "मशीन में तो पाँच सौ आया है."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"कौन सी मशीन में, बाबूजी?"

"इसकी मशीन में. कंप्यूटर है. झूठ नहीं बोलता."

"तो बाबूजी, मशीन से ही ले लो फिर."

इथे दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. आप्पा स्टुलावर बसले. पाणी मागवलं. दुकानदाराचं मूळ गाव विचारलं, ते उज्जैनकडचं निघालं, मग उज्जैनला त्यांच्या टेबलावर कोण होतं ते निघालं, आणि वीस मिनिटांनी ओरिजनल सेन्सर चौदाशेला, वर एक रबरी ओ-रिंग फुकट. पन्नास रुपये वाचले. पन्नास! नऊ हजार चारशेचे चौदाशे मी केले, आणि कॉलनीत गाजतायत ते हे पन्नास.

घरी आल्यावर ओ-रिंगला तेलाचं बोट लावलं, सेन्सर बसवला, आणि बोल्ट शोधायला लागलो. वर्तमानपत्रावर नाही. बॅटरी-ट्रेखाली नाही. आप्पाही नाहीत. गाडीखाली उताणा पडून मी दीड तास चुंबक फिरवत होतो. येणारा-जाणारा वाकून विचारायचा, "क्या हो गया भिया?" शेवटी आप्पांचं दार वाजवलं. माई म्हणाल्या, "झोपलेत. चारला उठतील." आणि हळूच, "वरवंट्याचं झालं का? चटणी वाटायची होती."

चारला आप्पा खाली आले. सदऱ्याच्या खिशातून जिरावणची पुडी निघाली, चष्म्याचं फडकं निघालं, मग बोल्ट. "हा घे. सांभाळून ठेवला होता. तुम्हा मुलांना वस्तू जागच्या जागी ठेवायची सवयच नाही."

मी काही बोललो नाही. वयाने मोठे. पण तो बोल्ट मी गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात आवळला.

कोड पुसला आणि गाडी बाहेर काढली. आप्पा पुढच्या सीटवर. कॉलनीच्या कोपऱ्यावर काटा हलला, वीस, तीस, आणि आकडा ८७,३४२ झाला. मला खरंच गहिवरून आलं. सिग्नलला ब्रेक दाबला, गाडी बंद पडली नाही. परत आलो तेव्हा फाटकाशी चारपाच जण उभे होते. गाडी पार्क करून, खिडक्या वर करून, हत्यारं उचलून मी तिथे पोचेपर्यंत आप्पा 'आम्ही'वरून 'मी'वर आले होते.

आज रविवार. सकाळी नऊला बेल वाजली. दारात शेजारच्या बिल्डिंगमधले गृहस्थ, हातात गाडीची चावी. स्कॅनर कालच आप्पा "बघायला" घेऊन गेलेत. "खाली आप्पांनी मशीन लावलंय," गृहस्थ म्हणाले. "पी०४२० आलं."

धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असणार, असं मी म्हणणार होतो. तेवढ्यात जिन्यातून आवाज वर आला. "चारशे वीस! बघा, मी म्हटलंच होतं, तुम्हाला गाडी विकणारा चोर होता!" आणि मग, जरा वरच्या पट्टीत, "बाळ, बॅटरी घेऊन ये रे."