पहिलीच्या वहीत लाल पेन नको

पहिलीच्या मुलांना रोजनिशीची वही द्या म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, "आधी बाराखडी तर होऊ दे." मला हे अजिबात पटत नाही. बाराखडीची वाट बघत बसलं तर मूल वर्षभर फळ्यावरचंच उतरवतं, आणि लिहिणं म्हणजे उतरवणं हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. मग चौथीत "मनाने पाच ओळी लिहा" म्हटलं की तेच मूल शेजारच्या वहीत डोकावतं.

वही कोऱ्या कागदाची घ्यावी, दुरेघी नको. परिपाठ झाला की मुलांनी चित्र काढायचं, त्याबद्दल सांगायचं, आणि बाईंनी ते चित्राखाली मुलाच्याच शब्दांत लिहायचं. वर्ग मोठा असेल तर रोज एकाच गटाजवळ बसावं, बाकीची चित्रं काढतात.

माझ्या वर्गातल्या एका मुलीनं शेळी काढली आणि सांगितलं, "आमची शेळी व्याली. दोन करडं झाली. एक मेलं. आजी जेवली नाय." मी तसंच लिहिलं. ‘नाय’चं ‘नाही’ केलं असतं तर ते वाक्य तिचं राहिलं नसतं. बोट ठेवून तिनं ते सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं, तेव्हा तिची निम्मी अक्षरंसुद्धा झाली नव्हती!

दिवाळीनंतर तिनं स्वतः लिहिलं, ‘शळि’. बघणाऱ्याला दोन चुका दिसतील. मला दिसतं ते असं: शब्दातले आवाज तिनं सुटे केले, ‘ल’ आणि ‘ळ’ वेगळे ओळखले, शेवटी वेलांटी लागते हेही तिला कळलं. राहिली एक मात्रा आणि वेलांटीची बाजू. या वयात बहुतेकांचं असंच होतं. ‘आंबा’चा ‘आबा’ होतो, ‘रस्ता’चा ‘रसता’. मुलं वाचायला शिकण्याआधी स्वतःच्या अंदाजानं लिहू शकतात, हे अमेरिकन भाषातज्ज्ञ कॅरल चॉम्स्की यांनी 1971 सालीच मांडलं होतं. त्या अंदाजावर लाल गोल केला की मूल दुसऱ्या दिवसापासून फक्त येणारे शब्द लिहितं. घर, कमळ, बदक. शेळी परत येत नाही.

केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान 2021 साली आलं, तिसरीपर्यंत मुलाला समजून वाचता-लिहिता यावं हे ध्येय ठरलं, त्याचा मला आनंदच आहे. पण तिसरीच्या मुलानं मिनिटाला 60 शब्द वाचावेत ही त्यातली अपेक्षा घड्याळ लावून मोजता येते म्हणून सगळा जोर तिकडे जातो. स्वतःचं वाक्य मोजायचं कसं? म्हणून ते मागे पडतं, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

शुद्धलेखन हवंच. दुसरीत, वेगळ्या वहीत, मुलांनी स्वतः वापरलेलेच शब्द घेऊन ते करता येतं.

पालकांना एवढीच विनंती आहे: ही वही घरी आली की खाडाखोड करू नका, शेजारच्या मुलाच्या वहीशी ताडून बघू नका. जवळ बसवा आणि म्हणा, "वाच की, काय लिहिलंयस?"