‘लोड कर्नल मॉड्यूल्स’चा लाल शेरा आणि फोल्डर उडवायला सांगणारा फॉरवर्ड

लिनक्स सुरू होताना ‘फेल्ड टू स्टार्ट लोड कर्नल मॉड्यूल्स’ दिसलं (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, मॉड्यूल्स म्हणजे त्यात वेगळे चढणारे ड्रायव्हरसारखे तुकडे) तर काय करावं, यावर पाच मुद्द्यांचा एक फॉरवर्ड कॉलेजांच्या ग्रुपांवर फिरतोय. डिस्क जायला आली आहे; /लिब/मॉड्यूल्समधला कचरा उडवा; हा शेरा देणारी सर्व्हिस मास्क करा, म्हणजे सुरूच होऊ देऊ नका; सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) बंद करा; ‘टेंटिंग कर्नल’ (कर्नलला डाग) दिसलं तर व्हायरस समजा. भाच्याने यातला दुसरा उपाय करूनही टाकला, मग फोन केला. म्हणून हा खटाटोप. खालचं सगळं डेबियन १२ धरून आहे.

डिस्कचं आधी उरकतो. सिस्टमडी-मॉड्यूल्स-लोड ही सर्व्हिस /इटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी आणि /यूएसआर/लिब/मॉड्यूल्स-लोड.डी इथल्या फायली वाचते आणि त्यांत लिहिलेली मॉड्यूल्स चढवते. जुनी /इटीसी/मॉड्यूल्स फाइलही त्यातच येते. एक नाव सापडलं नाही तरी शेरा लाल, बाकीची चढली असली तरीही. डिस्क खरंच मरत असेल तर डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, आय/ओ एररची रांग लागते. शंका असेल तर डिस्कची तब्येत सांगणारी स्मार्टसीटीएल -एच (कॅपिटल एच) चालवा आणि विषय संपवा.

आता तो दुसरा उपाय. ‘सुडो आरएम -आरएफ /लिब/मॉड्यूल्स/*, मग अपडेट-इनिटरामएफएस -यू.’ लिहिणाऱ्याने हे स्वतःच्या मशीनवर चालवलेलं नाही, हे उघड आहे. तिथल्या प्रत्येक फोल्डरला एकेका कर्नलचं नाव असतं, आणि ‘यूनेम -आर’ जे नाव सांगतं ते चालू कर्नलचं. * म्हणजे ‘सगळी फोल्डर’; तो लावलात की चालू कर्नलचे ड्रायव्हरही गेले. गंमत म्हणजे लगेच काही बिघडत नाही, कारण चढलेली मॉड्यूल्स मेमरीत असतात. फक्त पहिली ओळ चालवून रीस्टार्ट केलं तर इनिटरामएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी फाइलसिस्टम) स्वतःच्या प्रती असल्याने रूट, म्हणजे लिनक्सचं मुख्य पार्टिशन, माउंट होतं. पण पुढे वायफाय नाही, आवाज नाही, आणि व्हीफॅट मॉड्यूल न मिळाल्याने /बूट/ईएफआय हे बूटचं व्हीफॅट पार्टिशन माउंट होत नाही, की मशीन इमर्जन्सी मोडमध्ये.

दुसऱ्या ओळीने त्या शाबूत प्रतींचीही वाट लागते. /लिब/मॉड्यूल्समध्ये फोल्डरच नाही अशी वॉर्निंग येते, तरी नवी इनिटरामएफएस बनते, ड्रायव्हरविना. डेबियनमध्ये ईएक्सटी४ (फाइलसिस्टम) आणि एनव्हीएमई (एसएसडीचा ड्रायव्हर) दोन्ही मॉड्यूल म्हणून येतात. ती नसली तर रूटच सापडत नाही आणि समोर राहतो तो ‘इनिटरामएफएस’चा कोरा प्रॉम्प्ट.

ज्यांनी हे केलंय त्यांनी फॉरमॅट करू नये. लाइव्ह यूएसबीवरून बूट करा, रूट पार्टिशन /एमएनटीवर माउंट करा, /बूट वेगळं असेल तर तेही, मग ईएफआय पार्टिशन. डेव्ह, प्रॉक, सिस बाइंड करून चरूट करा (म्हणजे डिस्कवरच्या सिस्टममध्ये शिरा) आणि ‘एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल’ला लिनक्स-इमेज पॅकेजचं आवृत्तीसकट नाव द्या. नाव /बूटमधल्या व्हीएमलिनझ फायलीवरून कळतं. ती आवृत्ती रिपॉझिटरीत उरली नसेल तर लिनक्स-इमेज-एएमडी६४ मधून येणारी नवी घ्या. फोल्डर आणि इनिटरामएफएस दोन्ही परत येतात.

अर्धं सत्य एवढंच की काढलेल्या कर्नलचं रिकामंसं फोल्डर मागे राहतं, बहुतेकदा डीकेएमएसने (बाहेरची मॉड्यूल्स प्रत्येक कर्नलसाठी बनवणारं साधन) आत काही ठेवलेलं असतं म्हणून. पण ते कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याने लाल शेरा येत नाही. जुने कर्नल काढायचेच तर ‘एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’.

खरं कारण ‘जर्नलसीटीएल -बी -यू सिस्टमडी-मॉड्यूल्स-लोड’ दाखवतं. ‘फेल्ड टू फाइंड मॉड्यूल’ आणि पुढे नाव, समजा व्हर्च्युअलबॉक्सचं व्हीबॉक्सडीआरव्ही. ते नाव वरच्या दोन मॉड्यूल्स-लोड.डी फोल्डरांत ग्रेपने शोधा. पॅकेज काढलंत पण पर्ज (सेटिंगसकट काढणं) केलं नाहीत तर /इटीसीतली फाइल मागे राहते. ती ओळ काढा, संपलं. फाइल /यूएसआर/लिबमध्ये असेल तर तिला हात न लावता त्याच नावाचा /डेव्ह/नलकडे जाणारा सिमलिंक /इटीसी/मॉड्यूल्स-लोड.डीमध्ये ठेवा. मॉड्यूल हवंच असेल तर ‘डीकेएमएस स्टेटस’ बघा. चालू कर्नलसमोर ‘इन्स्टॉल्ड’ नसेल तर बहुधा हेडर (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या कर्नलच्या फायली) नाहीत: लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ टाका, मग ‘डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’. तरी फसलं तर /व्हार/लिब/डीकेएमएसमधल्या त्या मॉड्यूलच्या बिल्ड फोल्डरात मेक.लॉग आहे, पहिली एरर तिथे वाचा. ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आली तर मॉड्यूल दुसऱ्याच कर्नलसाठी बनलंय.

सिक्युअर बूटबद्दल थोडं मान्य करावं लागतं. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ आली तर कारण खरंच तेच, आणि ते बंद केल्यावर मॉड्यूल चढतं. पण शेजारी बिटलॉकर असलेलं विंडोज असेल तर ते रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती कुठे लिहून ठेवलीय हे तेव्हा आठवत नाही. त्यापेक्षा मोक, म्हणजे मशीनच्या मालकाची स्वतःची की, नोंदवा: ‘मोकयूटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/डीकेएमएस/मोक.पब’ चालवा, तात्पुरता पासवर्ड द्या, रीस्टार्टनंतरच्या निळ्या स्क्रीनवर ‘एनरोल मोक’ निवडा आणि तोच पासवर्ड टाका. डेबियनची स्वतःची मॉड्यूल्स आधीच साइन केलेली असतात. अडतात ती बाहेरची.

व्हायरसचा मुद्दा तर हास्यास्पद आहे. कर्नलच्याच कागदपत्रांत टेंटेड कर्नलवर प्रकरण आहे आणि त्यात साफ म्हटलंय की फार काळजी नको, बहुतेक वेळा अडचण नसते; पुढे बिघाड तपासताना उपयोगी पडेल अशी ती नोंद आहे. /प्रॉक/सिस/कर्नल/टेंटेडमध्ये १२२८८ दिसला तर ४०९६ अधिक ८१९२: बाहेरचं मॉड्यूल, आणि सही नसलेलं. अँटीव्हायरस शोधत बसू नका.

उरलं मास्क. हार्डवेअरचे ड्रायव्हर यूडेव्ह ही वेगळी सर्व्हिस चढवते, त्यामुळे मास्क केल्यावर लॅपटॉप ‘बरा’ वाटतो. पण कुबरनेटीस (कंटेनर चालवणारी यंत्रणा) बसवलं असेल तर ओव्हरले आणि बीआर_नेटफिल्टर ही मॉड्यूल्स याच सर्व्हिसमधून येतात, आणि पुढच्या रीस्टार्टला पॉडचं (कंटेनरच्या गटाचं) नेटवर्क का बंद पडलं ते शोधण्यात दिवस जातो. केलं असेल तर ‘सिस्टमसीटीएल अनमास्क’ करून सर्व्हिस पुन्हा चालवा.