‘मातीत गेले की डीएनए संपतो’ म्हणणाऱ्यांसाठी

माझ्या मावशीचा मोठा मुलगा नऊ वर्षांपूर्वी सकाळी घरातून बाहेर पडला, तो परत आलाच नाही. गेल्या महिन्यात घाटातील एका दरीत मानवी सांगाडा सापडला, तेव्हा पोलिसांनी तिला रक्ताचा नमुना देण्यासाठी बोलावले. आणि नेमक्या आदल्या रात्री तिच्या मोबाइलवर ‘डीएनए चाचणीचे थोतांड ओळखा’ हा संदेश येऊन पडला. मावशी गेली नाही. त्यानंतर तोच संदेश मला आणखी तीन गटांतून आला. त्याचे म्हणणे असे: पुरलेल्या हाडांतील डीएनए पाच वर्षांत नाहीसा होतो, जळालेल्या देहाची ओळख पटूच शकत नाही, गळलेला एक केस पुरत असताना घरच्यांचे रक्त मागणे हा डाव आहे, ते रक्त आधारला जोडून पुढे घरातील कोणालाही गुन्ह्यात गोवतात, आणि हे तंत्र मुळात निरपराधांना अडकवण्यासाठीच निघाले आहे. लिहिणाऱ्याने स्वतःचे नाव दिलेले नाही, मात्र खाली ‘जनहितार्थ’ असे आवर्जून लिहिले आहे.

पाच वर्षांचा हिशोब कोणत्या पंचांगातून काढला, हे तोच जाणे. डीएनए किती टिकेल हे वर्षांवर कमी आणि उष्णता, ओलावा, मातीची आम्लता व सूक्ष्मजंतू यांवर अधिक अवलंबून असते. मांस सडून जाते, परंतु हाडाच्या घट्ट खनिज भागात अडकलेला डीएनए तुकड्यातुकड्यांनी उरतो. म्हणूनच प्रयोगशाळेत मांडीचे हाड, दात किंवा कानाच्या आतील बाजूचे कवटीचे टणक हाड निवडतात, त्याचा वरचा थर खरवडून टाकतात आणि आतील भागाची पूड करून तिच्यातून डीएनए वेगळा काढतात.

याचे उदाहरण परदेशात शोधण्याचे कारण नाही, ते जुन्या गोव्यात आहे. जॉर्जियाची राणी केतेवान हिला 1624 मध्ये इराणमधील शिराझ येथे धर्मांतर नाकारल्याबद्दल ठार मारण्यात आले, आणि तिचे काही अवशेष ऑगस्टिनियन पाद्र्यांनी गोव्यातील आपल्या मठात आणून ठेवले. पुढे मठ ओस पडला, छत कोसळले आणि आता त्या चर्चचा जांभ्या दगडाचा अर्धा मनोराच काय तो उभा आहे. अवशेष मठातील कोणत्या खिडकीत ठेवले होते, याच्या पोर्तुगीज कागदपत्रांतील उल्लेखाचा माग काढत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तेथे उत्खनन केले आणि 2004 मध्ये हाताचे हाड मिळाले. पावणेचारशे वर्षे गोव्याचा पावसाळा खाल्लेल्या त्या हाडातून हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र) या संस्थेतील शास्त्रज्ञांनी मायटोकॉन्ड्रियल डीएनए, म्हणजे आईकडून मुलांकडे जसाच्या तसा येणारा डीएनए, मिळवला. त्यात जी वंशरेषा निघाली, ती तुलनेसाठी घेतलेल्या हजारो भारतीयांमध्ये आढळली नाही, जॉर्जियातील लोकांमध्ये मात्र आढळली. त्याच परिसरात मिळालेल्या आणखी दोन हाडांची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या वंशरेषा सरळ भारतीय उपखंडातील निघाल्या, आणि तसेच प्रसिद्धही करण्यात आले. थोतांडच करायचे असते, तर तिन्ही हाडे राणीची ठरवण्यास कोणाची हरकत होती? 2021 मध्ये भारताने तो अवशेष जॉर्जियाच्या स्वाधीन केला. पंजाबातील अजनाला येथे 2014 मध्ये विहिरीतून काढलेल्या सांगाड्यांची कथाही याच वळणाची आहे: दात आणि हाडे यांच्या तपासणीतून ती माणसे गंगेच्या खोऱ्यातील होती असे निष्पन्न झाले आणि ते 1857 चे शिपाई असल्याच्या नोंदींना दुजोरा मिळाला.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. डीएनएने त्या हाडावर केतेवानचे नाव लिहिलेले दाखवले नाही. त्याने वंशरेषा सांगितली आणि नाव कागदपत्रांमुळे जुळले. डीएनए नेहमी कशाशी तरी ताडूनच पाहावा लागतो, आणि संदेशातील सर्वांत घातक वाक्य नेमके येथेच उघडे पडते.

‘गळलेला एक केस पुरतो.’ मावशीने मुलाचा कंगवा इतकी वर्षे एका पाकिटात जपून ठेवला आहे आणि हे वाक्य वाचल्यापासून ती तोच पुढे करते. परंतु आपोआप गळलेल्या केसाला बहुधा जिवंत मूळ नसते. नेहमीच्या तपासणीत त्यातून मिळालाच तर मायटोकॉन्ड्रियल डीएनए मिळतो, आणि तो मुलाचा व आईचा एकच असतो. म्हणजे कंगवा जे सांगेल ते मावशीच्या रक्तात आहेच, शिवाय कितीतरी अधिक आहे. पेशीच्या केंद्रकातील डीएनएवर ठरावीक जागा तपासतात आणि प्रत्येक जागी डीएनएचा एक छोटा तुकडा किती वेळा पुन्हा पुन्हा येतो याचे दोन आकडे मिळतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. सांगाड्याच्या एकूण एक जागी मावशीचा एक आकडा सापडला, तर नाते जवळजवळ नक्की. तीन-चार जागी सापडला नाही, तर तो मुलगा तिचा नव्हे. वडील हयात नाहीत. तेव्हा एका आईला रक्त न देण्याचा सल्ला देणे म्हणजे त्या सांगाड्याला बेवारस ठेवणे होय.

आगीच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे. स्मशानात पूर्ण जळून पांढऱ्या पडलेल्या अस्थींमधून डीएनए सहसा मिळत नाही. मात्र अपघातातील प्रत्येक आग म्हणजे चिता नव्हे. अहमदाबादेत 12 जून 2025 रोजी विमान कोसळून 260 माणसे गेली, त्यांपैकी बहुतेकांची ओळख डीएनएवरूनच पटली. पुढे ब्रिटनमधील काही कुटुंबांच्या वकिलांनी चुकीचे अवशेष मिळाल्याची तक्रार केली हे खरे, परंतु ती तक्रार उभी राहिली तीही तेथे पुन्हा केलेल्या डीएनए तपासणीवरून.

आधारमध्ये दहा बोटांचे ठसे, दोन डोळ्यांची बुबुळे आणि छायाचित्र असते, डीएनए नसतो. तरीही नमुन्यांच्या वापरावर नियंत्रण ठेवणारे डीएनए विधेयक 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि 2023 मध्ये मागे घेतले गेले, त्यामुळे ही शंका अगदीच अनाठायी म्हणवत नाही. त्यावर उपाय एवढाच की नमुना कशासाठी घेतला जात आहे, हे संमतिपत्रावर लिहून घ्यावे.

राहिला निरपराधांचा मुद्दा. इंग्लंडमधील लेस्टरशायरमध्ये 1986 साली एका तरुणाने खुनाची कबुली दिली होती; गुन्ह्याच्या तपासात डीएनए पहिल्यांदा वापरला गेला तो तेथे, आणि पहिले काम झाले ते त्या तरुणाच्या सुटकेचे. खरा गुन्हेगार 1987 मध्ये सापडला.

हे सगळे मी मावशीला संदेशाची एकेक ओळ वाचत सांगितले. सोमवारी आम्ही दोघे जात आहोत. कंगव्याचे पाकीट तिने तरीही पिशवीत घातले आहे, आणि तो आणू नको असे मी म्हटलेले नाही.