मोठं करून देऊ का?

बर्गरच्या दुकानात नोकरी लागली म्हणे तुम्हाला. अभिनंदन! घरी सांगताना मात्र शब्द जपून वापरा. 'हॉटेलात लागलो' म्हणालात तर आईच्या डोळ्यांसमोर खांद्यावर फडकं टाकून चहाचे ग्लास गोळा करणारा पोऱ्या उभा राहतो. 'क्यूएसआर इंडस्ट्रीत जॉइन झालो' म्हणा. क्यूएसआर म्हणजे काय (क्विक सर्व्हिस रेस्टॉरंट, झटपट खाण्याचं दुकान) हे आई विचारणार नाही, आणि समोरच्या खोलीतल्या काकू तर कळल्यासारखी मान हलवतील. फडकं इथेही असतंच, फक्त रंगवार असतं. टेबलाचं निळं, किचनचं हिरवं. अदलाबदल झाली की ऑडिटमध्ये मार्क जातात. मी या लाइनीत आठ वर्षं आहे, तेव्हा फडक्यांबद्दल तरी माझ्यावर विश्वास ठेवा.

इंटरव्ह्यूत विचारतील, 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?' याचं खरं उत्तर 'बदलापूर लोकलमध्ये खिडकीपाशी' असं असलं तरी ते देऊ नका. 'इथेच, वरच्या पोस्टवर,' असं सांगा. समोर बसलेला माणूसही पाच वर्षांपूर्वी हेच सांगून आत आला होता. आता तो वरच्या पोस्टवर आहे, आणि मागच्या टेबलावर कुणाच्या पोराने कोल्ड्रिंक सांडलं तर इंटरव्ह्यू अर्धा सोडून पुसायला तोच उठणार आहे.

पहिल्या दिवशी कुठे उभं राहायचं ते दाखवतात. हे विनोदाने घेऊ नका, यामागे मोठा इतिहास आहे. अमेरिकेत सॅन बर्नार्डिनोला 1948 साली मॅकडोनाल्ड बंधूंनी चांगला चाललेला धंदा बंद ठेवला, गाड्यांपाशी जाऊन ऑर्डर घेणाऱ्या मुली काढल्या, मेनूची कापाकापी केली आणि बर्गरचा कारखाना काढला. पुढे नव्या दुकानाचं किचन ठरवायला त्यांनी टेनिस कोर्टावर खडूने रेषा आखल्या आणि कामगारांना त्यात खोटे खोटे बर्गर करत फिरवलं. कोण कुणाला धडकतो ते बघायचं, रेषा पुसायची, पुन्हा आखायची. तो खडू कधीच पुसला गेला, पण तुम्ही अजून त्याच रेषांत आहात. डावीकडे दोन पावलं फ्रायर, मागे एक पाऊल फ्रीजर. लहानपणी फरशीवर घरं आखून लंगडी घातली असेल तर तुम्हाला जमेल. फक्त तेव्हा दमलं की 'टाइम प्लीज' म्हणता यायचं.

मग घंटा. आमच्याकडे सगळं वाजतं. फ्रायर वाजतो, ग्रिल वाजतं, डिलिव्हरीचा टॅब्लेट वाजतो, आणि काचेवर हेल्मेट टेकवून 'दादा, झाली का ऑर्डर?' विचारणारा रायडर वाजतो. त्याच्या मागे त्याचा फोन वाजत असतो. दोन महिन्यांत ही घंटा झोपेत ऐकू येऊ लागेल. काळजीचं कारण नाही, ती सुट्टीच्या दिवशीही ऐकू येते.

फ्राइजचं आयुष्य आमच्याकडे सात मिनिटं. आठव्या मिनिटाला त्या म्हाताऱ्या, मग वेस्टच्या डब्यात. कापलेल्या टोमॅटोवर स्टिकर, उघडलेल्या सॉसवर स्टिकर. तेलाची ऐट तर विचारू नका. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमाप्रमाणे 1 जुलै 2018 पासून, तेलातली टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात साठणारी खराबी, 25 टक्क्यांवर गेली की त्या तेलात तळायचं नाही. म्हणून मीटर बुडवायचा, आकडा लिहायचा, खाली सही. तुमच्या पोटऱ्यांना मात्र मीटर नाही. उभ्या-उभ्या नऊ तासांनी त्या किती टक्के झाल्या, याला वहीत रकाना नाही. माणूस टिकाऊ वस्तूंत धरतात. अभिमान वाटू द्या.

आणि टेकू नका. मॅकडोनाल्ड बंधूंचा धंदा अमेरिकाभर नेणारे रे क्रॉक यांचं तत्त्वच होतं की टेकायला वेळ आहे त्याला पुसायलाही वेळ आहे. यावर एकच उपाय: टेकायचंच असेल तर हातात फडकं धरून टेका, आणि फडकं हलतं ठेवा. मी एकदा शेक मशीनचा एकच कोपरा पंचवीस मिनिटं पुसला. त्या महिन्यात 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ' म्हणून माझा फोटो लागला, आग विझवायचा सिलिंडर आणि बाथरूमचा दरवाजा यांच्या मधोमध. वर्षभर तिथेच होता. पुढच्या फोटोला फ्रेम मंजूर झाली नव्हती.

आता या धंद्याचा गुरुमंत्र: 'मोठं करून देऊ का?' गिऱ्हाइकाने काहीही मागो, हे विचारल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत. चाळीस रुपयांत फ्राइज मोठ्या, कोल्ड्रिंक मोठं. न विचारता बिल केलंत आणि समोरचा नेमका मिस्ट्री शॉपर, म्हणजे गिऱ्हाईक बनून आलेला कंपनीचा तपासनीस निघाला, की सगळ्या शिफ्टचे मार्क जातात. म्हणून प्रत्येकाला विचारा. मीठ कमी खा म्हणून डॉक्टरने सांगितलंय असं स्वतःहून सांगणाऱ्या आजोबांनाही विचारा. घरी मात्र सांभाळा. मी एकदा झोपेत बायकोला विचारलं, आणि तिने 'काय?' म्हटल्यावर किंमतही सांगितली.

काउंटरवर भाषेचाही प्रश्न येतो. ट्रेनिंगमध्ये इंग्रजी स्वागत पाठ करून घेतात, ते म्हणायचं, आणि लगेच हिंदीवर यायचं. एकदा एका काकांनी माझा बिल्ला वाचला आणि कडाडले, 'मराठी होके हिंदी में क्यूँ बात करता है?' मी म्हटलं, 'सॉरी सर.' बिल सव्वातीनशे झालं. मोठं करून घेतलं त्यांनी.

शाकाहारी बाजूला हिरवे एप्रन असतात, तिथली माणसं चिकनच्या बाजूला हात लावत नाहीत, तरी 'हा हात तिकडे लागला नाही ना?' असं दिवसातून दहादा विचारलं जाईल. हात दाखवा. जैन गिऱ्हाईक आलं की कांदा काढा, लसूण काढा, मग बटाटा काढा. उरलेल्या पावात कोबीचं पान घालून हसत द्या. मोठं करून देऊ का, हे तेव्हाही विचारायचं आहेच.

रजेचं गणित नीट समजून घ्या, कारण इथेच पोरं नोकरी सोडतात. तुम्ही कोकणातले असाल, आणि मुंबईत या कामाला येणारी निम्मी पोरं 'आमचं गाव कणकवलीजवळ' असंच सांगतात, तर गणपतीला गावी जाणं आलंच. रेल्वेचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं आणि काही मिनिटांत वेटिंगला जातं. आमचं रोस्टर लागतं तीन दिवस आधी. म्हणजे तिकीट काढायचं जून-जुलैमध्ये, आणि जायला मिळणार की नाही ते कळणार चतुर्थीच्या तोंडावर. यावर मॅनेजरला विचारलंत तर तो म्हणेल, 'तू तिकीट काढून ठेव, बघू आपण.' 'बघू आपण' याचा अर्थ 'नाही'. पण तिकीट रद्द करताना कापले जाणारे पैसे तुमचे, त्यामुळे निर्णयात तुमचाही वाटा राहतो. माझ्याबरोबरचा एक जण सलग तीन वर्षं व्हिडिओ कॉलवर आरतीला उभा राहिला, पॅटीच्या डीप फ्रीजरमध्ये. आवाज बाहेर येत नाही म्हणून. टाळ्या मात्र वाजवल्याच त्याने, थंडीनेही वाजवल्या असतील.

पाऊस हा आणखी एक सण. कुर्ल्याला पाणी भरलं की दुसऱ्या शिफ्टची पोरं येऊ शकत नाहीत, आणि ती आली नाहीत म्हणून पहिल्या शिफ्टची घरी जाऊ शकत नाहीत. तशीही गाडी नसतेच. मग रात्रभर दुकान चालवा, पहाटे बनच्या क्रेटवर पाठ टेका. आठवड्याने ग्रुपवर 'मुंबई स्पिरिट' असा मेसेज येईल, तीन टाळ्यांसकट. तो सेव्ह करून ठेवा. अप्रेझलला दाखवता येत नाही, पण पाठ दुखली की वाचायला बरा असतो.

एरवी क्लोजिंगची शिफ्ट साधी. शटर, वेस्टचा हिशेब, फ्रायर धुणं, गल्ल्यात सात रुपये कमी का याची चौकशी, आणि मग शेवटच्या लोकलसाठी धावणं. डब्यात शिरलात की आसपासचे लोक वास घेतील. त्यातल्या एकाला भूक लागेल, दुसरा तोंड फिरवेल, पण दोन्ही बाबतींत जागा होते. आई युनिफॉर्म घरात घेत नाही, गॅलरीतल्या दोरीवरच ठेवते. मांजरं जमतात.

आता ज्यासाठी तुम्ही एवढं वाचत आलात ती गोष्ट: बढती. क्रू, मग क्रू ट्रेनर, मग शिफ्ट मॅनेजर, असिस्टंट मॅनेजर, स्टोअर मॅनेजर. पहिल्या पायरीला बिल्ल्याचा रंग बदलतो. मी ट्रेनर झालो तेव्हा आईने चाळीत पेढे वाटले, आणि दोन महिन्यांची पगारवाढ त्या एका संध्याकाळी वाटून झाली. ट्रेनर म्हणजे स्वतःचं काम करता करता नव्या पोराचंही करायचं, आणि तो तीन आठवड्यांत सोडून गेला की पुढच्याला 'इथे डावीकडे दोन पावलं' असं पहिल्यापासून सांगायचं.

खरी गंमत शिफ्ट मॅनेजर होताना. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा सांगतो की जादा कामाला दुप्पट दराने पैसे द्या. फार चांगला कायदा. त्याच कायद्यात हेही आहे की व्यवस्थापनाचं किंवा देखरेखीचं काम करणाऱ्यांना तो लागू नाही. आता आमच्याकडे दर चौथा माणूस कसला ना कसला मॅनेजर का असतो, ते ध्यानात आलं? फ्रायर तोच, पोटऱ्या त्याच, शेवटची लोकल तीच, पण कालपर्यंत जादा तासाचे पैसे मिळायचे, आजपासून जादा तासाला 'ओनरशिप' म्हणतात. मालकी आली, दुकान तेवढं राहिलं.

दुसरी भेट औषधपाण्याची. क्रूमध्ये असताना ईएसआयसीचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं कार्ड असतं. पगारातून पाऊण टक्का जातो आणि अवलंबून असलेल्या आईला मुलुंडच्या हॉस्पिटलात दाखवता येतं. हे महिना 21,000 रुपयांपर्यंत. माझा पगार बढतीनंतर 21,400 झाला. चालू सहामाही संपली तशी कपात थांबली, आणि भरलेल्या वर्गणीवरची मुदत संपल्यावर कार्डही संपलं. आईचा मोतीबिंदू पिकायला नेमकी त्यानंतरची वेळ लागली. तिला मी समजावलं की मी आता वरच्या वर्गात गेलोय. ती म्हणाली, 'मग डोळा खालच्या वर्गात असतानाच करायचा होता.'

उडप्याच्या हॉटेलात पोऱ्या म्हणून आलेल्या कितीतरी जणांनी मुंबईतल्या रात्रशाळांत शिकून पुढे स्वतःचं हॉटेल टाकलं. त्यांच्या काळी बढती हळूहळू गल्ल्यापर्यंत पोचायची. तसली स्वप्नं तुम्ही बघू नका. तुमच्यापाशी ॲप आहे, त्यात दर सोमवारी व्हिडिओ येतो आणि तो बघितला की सर्टिफिकेट मिळतं. माझ्याकडे एकतीस आहेत. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी 1966 साली वडा पावात घातला, तेव्हा त्यांच्याकडे एकही नव्हतं.

माझे आजोबा लोअर परळला गिरणीत होते. आधी कितीतरी वर्षं बदली कामगार, म्हणजे पाळीच्या वेळी गेटवर उभं राहायचं, कायमवाला आला नाही तर आत, आला तर घरी. कायम होऊन थोडी वर्षं झाली नाहीत तोच 18 जानेवारी 1982 चा संप आला, आणि नंतर त्यांच्या गिरणीचा भोंगा वाजलाच नाही. त्या आवारात आता मॉल आहे. मी लागलो ते दुकान त्याच मॉलच्या फूड कोर्टात. आजोबांना एकदा नेलं होतं. त्यांनी छताकडे बघितलं, मग लोकांकडे, मग खुर्चीचा पाय चाचपला आणि म्हणाले, 'इथं साचेखातं होतं. सोडायचा नाही कुणी साचा, मुतायला पण.' साचा म्हणजे गिरणीतलं यंत्र. मी म्हटलं, आमच्याकडे पण साधारण तसंच आहे.

मी ट्रेनर झालो तेव्हा त्यांनी विचारलं, 'कायम झालास का?' शिफ्ट मॅनेजर झालो तेव्हाही तेच विचारलं. मी सांगितलं, आजोबा, आता तसं नसतं, आता असोसिएट म्हणतात, फॅमिली म्हणतात. गेटवर उभं राहावं लागत नाही. रात्री ग्रुपवर 'उद्या कोण येईल?' असा मेसेज टाकतात, जो पहिला अंगठा दाखवेल त्याची शिफ्ट. त्यांनी थोडा वेळ विचार केला. 'मेसेज कोण टाकतं?' मी म्हटलं, मीच टाकतो. ते म्हणाले, 'म्हणजे जॉबर झालास,' आणि गिरणीतल्या जॉबरला, म्हणजे गेटवरून माणसं आत घेणाऱ्या मुकादमाला, जी शिवी होती ती प्रेमाने दिली.

तेव्हा उद्या सकाळी सातला या. बूट काळे, नखं कापलेली, दाढी केलेली. बिल्ला मी देईन, त्याचे पैसे पहिल्या पगारातून कापले जातात. आणि हे सगळं कुठेतरी टेकून वाचलंत ना? फडकं सिंकखाली आहे. निळं घ्या, हिरवं नको.